आधी धरायचं, मग ओळखायचं

एखाद्या नेमक्या विषाणूला ओळखून त्याच्यावर चालून जाणाऱ्या पेशी आपल्या शरीरात दोन प्रकारच्या आहेत. बी पेशींचं काम दुरून चालतं. त्यांनी बनवलेली प्रतिपिंडं रक्तातून वाहत जातात आणि जिथं विषाणू भेटेल तिथं त्याला चिकटतात. बनवणारी पेशी तोवर कुठल्या तरी हाडातल्या मगजात बसलेली असते. टी पेशीला ही सोय नाही. विषाणू एकदा आपल्याच पेशीच्या पोटात शिरला की प्रतिपिंडांच्या हाती लागत नाही. अशी बाधित पेशी हुडकायची आणि विषाणूची नवी पिल्लावळ बाहेर पडायच्या आत तिला संपवायचं, हे काम टी पेशीकडे येतं. त्यासाठी तिला स्वतः तिथवर जावं लागतं, त्या पेशीच्या अंगाला अंग भिडवावं लागतं.

टी पेशींबद्दल वाचताना आपल्याला बहुतेक वेळा ओळखीची गोष्ट सांगितली जाते. प्रत्येक टी पेशीच्या अंगावर एक विशिष्ट रिसेप्टर असतो आणि तो विषाणूच्या प्रथिनाचा एक ठरावीक तुकडा ओळखतो, कुलपाला किल्ली लागावी तसा. हे खरंच आहे. पण हा बंध किती नाजूक असतो, ते क्वचितच कुणी सांगतं. रिसेप्टर आणि तो तुकडा यांची गाठ बहुधा काही सेकंदांत सुटते. शिवाय बाधित पेशीच्या अंगावर विषाणूचे तुकडे मोजकेच दिसतात, तेही शरीराच्या स्वतःच्या हजारो निरुपद्रवी तुकड्यांच्या गर्दीत. एवढ्या जोरावर दोन पेशी एकमेकींना धरून राहूच शकत नाहीत. त्यांना धरून ठेवणारे रेणू वेगळे आहेत. शास्त्रीय मराठीत त्यांना आसंजन रेणू म्हणतात. मी इथं चिकटरेणू म्हणणार आहे, कारण शब्द ऐकताच काम कळतं.

चिकटणं म्हटलं की गोंद आठवतो, पण गोंद एकदा लागला की लागला. टी पेशीला तसं चालत नाही. रक्तात फिरताना ती दिसेल त्याला चिकटू लागली तर तिथंच अडकून पडेल, आणि कशालाच चिकटली नाही तर रक्ताबरोबर वाहतच राहील. तिला हव्या त्या क्षणी घट्ट धरता यायला हवं आणि काम झालं की सोडता यायला हवं. विषाणूशी लढण्याच्या प्रत्येक टप्प्यावर हा धरण्या-सोडण्याचा खेळ चालू असतो. त्यात बिघाड झाला तर ओळख कितीही अचूक असो, तिचा काही उपयोग होत नाही.

वाहत्या रक्तात पाय रोवणं

ज्या टी पेशीची अजून तिच्या विषाणूशी गाठ पडलेली नाही, तिला कोरी टी पेशी म्हणू. एका ठरावीक विषाणूचा एक ठरावीक तुकडा ओळखणाऱ्या कोऱ्या पेशी फार विरळा असतात, लाखात किंवा दहा लाखांत एखादी. विषाणू शिरला बोटातून आणि ती नेमकी पेशी असेल यकृताच्या एखाद्या रक्तवाहिनीत, तर भेट व्हायची कशी? शरीरानं भेटीच्या जागा ठरवून टाकल्या आहेत, त्या म्हणजे लसीका ग्रंथी. आपल्या अंगात त्या सहाशेच्या आसपास असतात. घसा आला की जबड्याखाली गाठी लागतात, पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, ते याच ग्रंथींचं सुजणं. बाधित भागातल्या डेंड्रायटिक पेशी विषाणूचे तुकडे घेऊन जवळच्या ग्रंथीत येतात. कोऱ्या टी पेशी रक्तातून ग्रंथीत शिरतात, काही तास ते दिवसभर आत हिंडतात, लसीकेवाटे, म्हणजे ऊतींमधून झिरपून वाहणाऱ्या पातळ द्रवावाटे, बाहेर पडून पुन्हा रक्तात येतात आणि पुढच्या ग्रंथीकडे जातात. आयुष्यभर त्यांच्या या फेऱ्या चालू असतात.

या फेऱ्या असतात हे १९५० च्या दशकापर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. ऑक्सफर्डमध्ये जेम्स गोवन्स यांनी मोठ्या उंदरांच्या छातीतल्या मुख्य लसीकावाहिनीतून लसीका सतत बाहेर काढली, तेव्हा काही दिवसांत त्या वाहिनीतून येणाऱ्या लिम्फोसाइट पेशी (टी आणि बी पेशी याच गटातल्या) आटत गेल्या. त्याच पेशी परत रक्तात सोडल्या तर ओघ टिकून राहिला. याचा अर्थ पेशी सतत नव्यानं बनत नव्हत्या, त्याच त्या फिरून येत होत्या. पुढे खुणा केलेल्या पेशींचा माग काढल्यावर त्या ग्रंथीतल्या काही खास बारीक शिरांमधूनच आत शिरतात हेही दिसलं.

त्या शिरांपाशी काय घडतं, ते जरा सावकाश पाहू. रक्ताच्या ओघात टी पेशी सेकंदाला स्वतःच्या व्यासाच्या कित्येक पट अंतर कापत असते. या शिरांचं आतलं अस्तर इतर शिरांसारखं चपटं नसतं, त्याच्या पेशी गुबगुबीत आणि उभट असतात. त्यांच्यावर साखरेच्या खास साखळ्या लोंबत असतात. टी पेशीच्या पृष्ठभागावर केसांसारखे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्या टोकांवर एल-सिलेक्टिन नावाचा चिकटरेणू असतो. तो त्या साखळीत अडकतो, क्षणात सुटतो, तेवढ्यात शेजारचा अडकतो. परिणामी पेशी थांबत नाही, पण भिंतीला घासत गडगडू लागते. तिचा वेग एकदम खाली येतो.

एल-सिलेक्टिनची एक गोष्ट मला पहिल्यांदा वाचली तेव्हा खरीच वाटली नव्हती. रक्ताची धार एका मर्यादेपेक्षा मंदावली तर गडगडणाऱ्या पेशी उलट सुटून जातात. ओघ वाढला की पुन्हा धरतात. कारण हा बंध ओढला गेला की, एका मर्यादेपर्यंत, अधिक काळ टिकतो, ओढल्यावर आवळणाऱ्या सरकफाशीसारखा. त्यामुळे वाहत्या रक्तात पेशी भिंत धरते, आणि रक्त जिथं साचलं आहे तिथं पेशी उगाच गोळा होत नाहीत.

गडगडताना पेशीला भिंतीची चाचपणी करायला वेळ मिळतो. भिंतीवर केमोकाइन नावाची छोटी प्रथिनं चिकटवून ठेवलेली असतात. लसीका ग्रंथीच्या शिरेत त्यातलं मुख्य असतं सीसीएल२१. टी पेशीच्या अंगावरच्या सीसीआर७ या रिसेप्टरला ते लागलं की आत निरोप जातो आणि मग मुख्य पात्र हालचाल करतं. त्याचं नाव एलएफए-१. हा इंटिग्रिन घराण्यातला रेणू एरवी गुडघे पोटाशी घेऊन बसल्यासारखा दुमडलेला असतो आणि त्याचं पकडीचं टोक स्वतःच्याच पेशीकडे झुकलेलं असतं. केमोकाइनचा निरोप आला की पेशीच्या आतली टॅलिन आणि किंडलिन ही प्रथिनं त्याच्या शेपटीला धरतात, आणि तो ताडकन उभा राहतो. उंची जवळजवळ दुप्पट होते, टोकाची पकड उघडते, आणि भिंतीवरच्या आयकॅम-१ या रेणूला धरायची त्याची ताकद दुमडलेल्या अवस्थेच्या हजारो पट होते. हे सगळं सेकंदाच्या आतबाहेर घडतं. पेशी जागच्या जागी थांबते, चपटी होते, भिंतीवरून सरपटत फट शोधते आणि अस्तर पार करून ग्रंथीत उतरते.

इथं निरोपाची दिशा उलटी आहे, हे ध्यानात घ्यावं. रिसेप्टर म्हटलं की बाहेरची बातमी आत नेणारा, अशी आपली कल्पना असते. एलएफए-१ मध्ये आतला निर्णय बाहेर पोचतो. बाहेर आयकॅम-१ समोर असूनही पेशीनं ठरवल्याशिवाय पकड होत नाही. पुढे पकड बसली की हाच रेणू बाहेरची बातमी आतही नेतो.

मारणं थांबवणारी प्रतिपिंडं

एलएफए-१ सापडला तो टी पेशी नेमक्या कशाच्या जोरावर दुसऱ्या पेशीला मारतात, याच्या शोधात. १९८० च्या सुमारास हार्वर्डमध्ये टिमोथी स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी एक चोख युक्ती केली. टी पेशी दुसऱ्या जातीच्या प्राण्याला टोचल्या, त्या प्राण्यानं त्यांच्यावरच्या वेगवेगळ्या रेणूंविरुद्ध प्रतिपिंडं बनवली, आणि मग एकेक प्रतिपिंड मिसळून कोणतं टाकल्यावर मारणं थांबतं ते पाहिलं. ओळखीचा रिसेप्टर तेव्हा कुणालाच सापडलेला नव्हता. पण ज्या प्रतिपिंडांनी मारणं थांबलं, ती चिकटरेणूंवर बसणारी निघाली. रिसेप्टर झाकलेला नव्हता, फक्त पकड झाकली होती, तरी मारणं थांबलं. एलएफए-१ १९८१ मध्ये सापडला आणि पाठोपाठ एलएफए-२ व एलएफए-३. या शेवटच्या दोघांना आज सीडी२ आणि सीडी५८ म्हणतात. दोघे एकमेकांचे जोडीदार आहेत, पहिला टी पेशीवर असतो आणि दुसरा समोरच्या पेशीवर. एलएफए-१ चा जोडीदार आयकॅम-१ १९८६ मध्ये सापडला.

त्याच काळात रिचर्ड हाइन्स आणि एर्की रुओस्लाती अगदी वेगळ्या वाटेनं चालले होते. शरीरातल्या पेशी आजूबाजूच्या तंतूंना कशा धरून राहतात, हा त्यांचा प्रश्न. १९८६ मध्ये इंटिग्रिन हे नाव आलं, कारण हे रेणू पेशीबाहेरचे तंतू आणि पेशीच्या आतला सांगाडा यांना एकत्र गुंफतात. स्प्रिंगर यांचा एलएफए-१ याच घराण्यातला निघाला. माणसात आज २४ इंटिग्रिन माहीत आहेत. प्रत्येकाचे दोन भाग असतात, एक अल्फा आणि एक बीटा. वैद्यकीय संशोधनासाठीचा २०२२ चा लास्कर पुरस्कार स्प्रिंगर, हाइन्स आणि रुओस्लाती या तिघांना मिळून दिला गेला.

पंधरा नॅनोमीटरची फट

ग्रंथीत उतरलेली टी पेशी मिनिटाला दहा मायक्रॉनच्या आसपास वेगानं हिंडते आणि वाटेत भेटणाऱ्या डेंड्रायटिक पेशींना चाचपत जाते. बहुतेक भेटी काही मिनिटांच्या. २००४ मध्ये जिवंत उंदराच्या ग्रंथीत सूक्ष्मदर्शकानं हे थेट पाहण्यात आलं. आपला तुकडा सापडण्याची शक्यता दिसली तरी टी पेशी पहिले आठएक तास धर-सोड करत राहते. मग एका डेंड्रायटिक पेशीला ती घट्ट धरते आणि साधारण बारा तास सोडत नाही. त्यानंतर सुटते आणि भराभर दुभंगू लागते.

त्या घट्ट मिठीत काय असतं ते १९९८ आणि १९९९ मध्ये दिसलं. दोन पेशी जिथं टेकतात तिथं रेणू रांगेनं लागलेले होते. मधोमध रिसेप्टर आणि तुकड्यांच्या जोड्या, त्यांच्या भोवती एलएफए-१ आणि आयकॅम-१ चं कडं, नेमबाजीच्या लक्ष्यासारखं. या रचनेला आता इम्युनॉलॉजिकल सिनॅप्स म्हणतात, चेतापेशींच्या जोडाच्या नावावरून.

हे वर्तुळ कसं तयार होतं, त्याचा एक भाग साध्या मापांत आहे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रिसेप्टरनं समोरचा तुकडा धरला की दोन पेशींमधलं अंतर पंधराएक नॅनोमीटर असतं. उभा राहिलेला एलएफए-१ आणि त्यानं धरलेला आयकॅम-१ यांची जोडी मात्र चाळीसएक नॅनोमीटर लांब. पंधराच्या फटीत चाळीसची जोडी मावणार नाही, म्हणून लांब जोड्या कडेला सरकतात आणि आखूड मध्ये राहतात. सीडी२ आणि सीडी५८ यांची जोडीही जवळपास पंधरा नॅनोमीटरची. ती रिसेप्टरच्या शेजारी बसते आणि दोन पेशीपटलं बरोबर त्या अंतरावर धरून ठेवते.

हे अंतर इतकं महत्त्वाचं का? टी पेशीवर सीडी४५ नावाचा एक मोठा रेणू असतो. रिसेप्टरपाशी पेटलेला निरोप तो विझवत राहतो. पंधरा नॅनोमीटरच्या फटीत त्याला जागा मिळत नाही, तो बाहेर ढकलला जातो आणि मग निरोप पेटता राहतो. असं पाहिलं तर चिकटरेणू नुसते पेशींना जवळ आणत नाहीत, ओळख पटेल अशी जागाच ते तयार करतात. पटलं पाहिजे ते याच फटीत पटतं. ओळख पटू लागली की रिसेप्टरकडून आलेल्या निरोपानं एलएफए-१ आणखी घट्ट धरतो, घट्ट धरल्यामुळे रिसेप्टरला आणखी वेळ मिळतो. तुकडा अनोळखी निघाला तर हे चक्र फिरत नाही आणि पेशी पुढे निघून जाते. थोड्याशा तुकड्यांवरून विषाणू ओळखायचं टी पेशीचं कसब बरंचसं या पकडीतून येतं.

पत्ता बदलतो

जाग्या झालेल्या टी पेशीच्या आठवड्याभरात हजारो प्रती होतात. आता त्यांना ग्रंथीत फिरून उपयोग नाही, बाधित अवयवात जायचं असतं. म्हणून त्या एल-सिलेक्टिन कापून टाकतात, अंगावर एलएफए-१ वाढवतात आणि व्हीएलए-४ नावाचं इंटिग्रिन भरपूर चढवतात. दुसऱ्या बाजूनं, जिथं विषाणू आहे तिथल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर दाहाच्या निरोपांमुळे बदलतं, त्यावर नवे सिलेक्टिन, जास्त आयकॅम-१ आणि व्हीएलए-४ चा जोडीदार व्हीकॅम-१ उगवतो. गडगडणं, निरोप, पकड हा क्रम तोच, फक्त रेणू वेगळे. अवयवागणिकही फरक असतो. आतड्याकडे जाणाऱ्या पेशींवर अल्फा४-बीटा७ हे इंटिग्रिन येतं, आणि ते चढवण्याची सूचना आतड्याजवळच्या डेंड्रायटिक पेशी जीवनसत्त्व अ पासून बनवलेल्या एका रसायनातून देतात. त्वचेकडे जाणाऱ्यांवर वेगळी खूण, मेंदूकडे जाणाऱ्यांसाठी व्हीएलए-४ मोलाचं. हा भाग पुढे फार कामाला येणार आहे.

बाधित पेशी सापडली की मारक टी पेशी पुन्हा एलएफए-१ चं कडं करून तिला चिकटते. त्या कड्याच्या आत ती परफोरिन आणि ग्रॅन्झाइम सोडते. परफोरिन पेशीपटलाला भोकं पाडतं आणि ग्रॅन्झाइम आत जाऊन त्या पेशीला स्वतःच मरायला लावतं. कड्यामुळे हा मारा एका जागी एकवटतो. त्यानंतर सोडणं तितकंच गरजेचं, कारण पुढची बाधित पेशी वाट पाहत असते. उंदरांत थेट पाहून २०१६ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात एक मारक टी पेशी दिवसाला विषाणूबाधित २ ते १६ पेशी मारते असं आढळलं. आकडा मला तरी वाटला होता त्याहून पुष्कळ लहान आहे. म्हणूनच हजारोंच्या संख्येनं तिथवर पोचणं महत्त्वाचं ठरतं, आणि पोचणं हे चिकटरेणूंचं काम.

संसर्ग ओसरला की बहुतेक टी पेशी मरतात. काही मात्र परत जात नाहीत, त्या तिथंच वस्तीला राहतात. त्वचेत, फुप्फुसात, आतड्यात अशा रहिवासी स्मृतिपेशी असतात. त्यांच्यातल्या अनेकींवर सीडी१०३ हे इंटिग्रिन असतं आणि ते अस्तराच्या पेशींवरच्या ई-कॅडहेरिनला धरून ठेवतं. काहींवर कोलॅजेनच्या तंतूंना धरणारं सीडी४९ए असतं. फ्लू होऊन गेलेल्या उंदरांच्या फुप्फुसात अशा पेशी टिकून राहायला सीडी४९ए लागतं असं दिसलं आहे. नागीण कुळातल्या विषाणूनं त्वचेत शिरकाव केल्यावर त्या जागी अशा पेशी ठाण मांडून राहतात, आणि तोच विषाणू पुन्हा तिथं डोकावला तर रक्तातून कुमक यायची वाट न पाहता त्या कामाला लागतात.

विषाणूंनाही हे ठाऊक आहे

जिथं आपली पकड तिथंच विषाणू घाव घालतात. कापोसी सार्कोमा या कर्करोगाशी निगडित हर्पीस विषाणू आपल्या के५ या प्रथिनानं बाधित पेशीवरचा आयकॅम-१ ओढून आत नेतो आणि नष्ट करायला लावतो. सायटोमेगॅलोविषाणू यूएल१४८ या प्रथिनानं सीडी५८ ला पृष्ठभागावर येऊ देत नाही. ओळखीचा तुकडा दाखवणारे रेणू दडवणं हा विषाणूंचा जुना डाव आहे, पण धरायची मूठच काढून टाकणं हा त्याच्याच तोडीचा.

काही विषाणू तर मूठच दार म्हणून वापरतात. सर्दी करणाऱ्या राइनोविषाणूंचे बहुसंख्य प्रकार आयकॅम-१ ला धरून आपल्या पेशीत शिरतात. दाह झाला की आयकॅम-१ वाढतो, म्हणजे बचावाच्या तयारीतच दारंही वाढतात. एचआयव्ही बाधित पेशीतून बाहेर पडताना आपल्या आवरणात आयकॅम-१ घेऊन निघतो, त्यामुळे पुढच्या टी पेशीवरच्या एलएफए-१ ला धरणं त्याला सोपं जातं. टी पेशींनाच बाधणारा एचटीएलव्ही-१ हा विषाणू आणि एचआयव्ही दोघेही एका टी पेशीतून दुसरीत जाताना त्या सिनॅप्ससारखाच जोड घडवून आणतात, आणि विषाणू त्या फटीतून सुखरूप पलीकडे जातो. ज्या मिठीत मारायचं, त्याच मिठीतून पसरायचं.

पकड सुटते तेव्हा

चिकटरेणूंविना काय होतं याचं उत्तर काही बालकांच्या आजारांनी दिलं आहे. एलएफए-१ आणि त्याच्या भावंडांचा बीटा२ हा भाग ज्यांच्यात जन्मतःच नसतो किंवा फार कमी असतो, त्या बाळांची नाळ गळून पडायला तीन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. पुढे जिवाणूंचे आणि बुरशीचे संसर्ग वारंवार होतात, आणि त्या जखमांत पू नसतो. पू म्हणजे जखमेपाशी धावून आलेल्या पांढऱ्या पेशी. या बाळांच्या रक्तात पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या असतात, पण भिंत धरता न आल्यानं त्या बाहेर पडू शकत नाहीत. तीव्र आजारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण हाच मुख्य उपाय. याच्या दुसऱ्या एका प्रकारात फ्यूकोज या साखरेची जुळवणी बिघडते. सिलेक्टिन ज्या साखळ्यांना धरतात त्यांत फ्यूकोज लागतं, आणि रक्तगटाच्या एच प्रतिजनातही. म्हणून या मुलांचा रक्तगट दुर्मीळ असा बॉम्बे रक्तगट असतो. तिसऱ्या प्रकारात इंटिग्रिन जागेवर असतात, पण किंडलिनच्या बिघाडामुळे उभेच राहत नाहीत.

या बाळांमध्ये एक कोडं होतं. जिवाणूंपुढे ती हतबल होती, पण बहुतेक विषाणूंशी त्यांचं बऱ्यापैकी निभत असे. उलगडा असा की टी पेशींकडे बीटा२ खेरीज व्हीएलए-४ हाही हात असतो. एक हात नसला तरी दुसऱ्यानं भिंत धरून त्या बऱ्याच ठिकाणी पोचतात. मग तो दुसरा हातच कुणी बांधला तर?

ते घडलं औषधामुळे. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात टी पेशी मेंदूत शिरून चेतातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टनावर हल्ला करतात. १९९२ मध्ये प्राण्यांत दिसलं की व्हीएलए-४ झाकलं तर त्या मेंदूत शिरू शकत नाहीत. त्यावरून नटालिझुमॅब हे प्रतिपिंड तयार झालं, जे व्हीएलए-४ च्या अल्फा४ भागावर बसतं. आजाराचे झटके त्यानं सुमारे दोन-तृतीयांशानं घटले. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये ते थांबवावं लागलं. चाचण्यांमधल्या तीन रुग्णांना पीएमएल हा मेंदूचा आजार झाला होता आणि त्यांतले दोघे दगावले.

पीएमएल करतो जेसी विषाणू. तो निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर असतो आणि सहसा कसलाही त्रास देत नाही. टी पेशींचा पहारा उठला तर मात्र तो मेंदूत मायलिन बनवणाऱ्या पेशी खाऊ लागतो. या रुग्णांच्या टी पेशी शाबूत होत्या, त्यांचे रिसेप्टर शाबूत होते. फक्त मेंदूच्या रक्तवाहिनीची भिंत त्यांना धरता येत नव्हती. मायलिनवर हल्ला करणाऱ्या पेशी आणि जेसी विषाणूला दाबून ठेवणाऱ्या पेशी एकाच दारातून, एकाच मुठीच्या बळावर आत येतात, आणि औषधाला त्यांच्यात फरक करता येत नाही. सोरायसिससाठी एलएफए-१ झाकणारं इफालिझुमॅब २००३ मध्ये आलं होतं, तेही पीएमएलमुळेच २००९ मध्ये मागे घ्यावं लागलं. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं सिद्ध करावी लागली असती अशी गोष्ट काही माणसांच्या जिवावर बेतून सिद्ध झाली. याविषयी वाचताना मला दरवेळी त्या चाचण्यांत विश्वासानं आपलं नाव दिलेल्या लोकांची आठवण होते.

पुढचं औषध पत्त्याच्या ज्ञानावर उभं राहिलं. २०१४ मध्ये आलेलं वेडोलिझुमॅब फक्त अल्फा४-बीटा७ झाकतं, म्हणजे आतड्याच्या दाहाच्या रुग्णांत आतड्याची वाट अडते आणि मेंदूची मोकळी राहते. पीएमएलचा तसा धोका त्यात दिसलेला नाही.

नटालिझुमॅब २००६ मध्ये परत आलं, कारण अनेक रुग्णांना त्याची खरोखर गरज होती. आता ते सुरू करण्याआधी आणि नंतरही ठरावीक काळानं रक्तात जेसी विषाणूची प्रतिपिंडं आहेत का ते तपासतात. दोन वर्षांहून अधिक काळ औषध घेतलेल्यांवर आणि पूर्वी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतलेल्यांवर विशेष लक्ष ठेवतात. पीएमएल झालाच तर औषध थांबवून प्लाझ्मा बदलतात, म्हणजे रक्तातलं प्रतिपिंड निघून जातं. मग महिनोन् महिने अडवलेल्या टी पेशी एकदम मेंदूत शिरतात, आणि विषाणूला मारता मारता मेंदूला सूज आणतात. ती सूजही जिवावर बेतू शकते, म्हणून तिला आवरायला कधी कधी स्टेरॉइड द्यावी लागतात. अलीकडे अनेक डॉक्टर दोन डोसांमधलं अंतर चारऐवजी सहा आठवड्यांच्या आसपास ठेवतात. पीएमएलचं प्रमाण त्यानं कमी होतं असं दिसलं आहे. यामागचा विचार असा की पुढचा डोस येईपर्यंत थोडे अल्फा४ मोकळे होतात आणि तेवढ्यांच्या आधारानं काही टी पेशी भिंत धरून मेंदूत एक फेरी मारून येतात.